कागद कन्नडात, अडचण मराठीत

भालकीच्या एखाद्या वाडीत, औरादकडच्या तांड्यावर किंवा आळंद तालुक्यात अक्कलकोटच्या शिवेला लागून असलेल्या गावात कोर्टाची नोटीस येते, तेव्हा घरातला पहिला प्रश्न ‘वकील कुठला करायचा’ हा नसतो. ‘ह्यात लिवलंय काय?’ हा असतो. कागद कन्नडात असतो, घर मराठी बोलणारं असतं. बेलिफ सही घेऊन निघून गेलेला असतो. मग तो कागद कन्नड शाळेत जाणाऱ्या शेजारच्या मुलाकडे जातो, तिथून किराणा दुकानदाराकडे, तिथून कधी काळी तलाठ्याच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे. त्यात आठवडा जातो आणि मुदतीतले तेवढे दिवस कमी होतात.

कमी उत्पन्नाच्या माणसाला फोनवर मोफत कायदेशीर सल्ला मिळण्याची सोय आज देशात आहे. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे आणि १४४५४ हा केंद्राच्या न्याय विभागाच्या ‘टेली-लॉ’ योजनेचा. दोन्ही मोफत आहेत. बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या मराठी माणसाला त्यांचा उपयोग किती आणि कुठे होतो, आणि ते कुठे अपुरे पडतात, हे मला या लेखात तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. या भागात फोनची खरी ताकद अशी की तो लिपीची भिंत ओलांडू शकतो. मात्र ती ओलांडायला दोन्ही टोकांना योग्य माणूस लागतो, आणि तो माणूस नेमण्यात आपण कमी पडलो आहोत.

हा हक्क कुठून आला ते थोडक्यात पाहू. गरिबाला वकील मिळवून देण्याचं संघटित काम आपल्याकडे मुंबईत १९२४च्या सुमारास बॉम्बे लीगल एड सोसायटीने सुरू केलं. तेव्हा तो धर्मादाय होता. त्याचा हक्क व्हायला अर्धं शतक लागलं. ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली ३९-अ हे कलम आलं. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे जी गोष्ट आली ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेवर पडली नव्हती आणि अपिलाची मुदत टळून गेली होती. न्यायालयाने सांगितलं की निकालाची प्रत मोफत हातात मिळणं आणि अपिलासाठी वकील मिळणं हा कैद्याचा हक्क आहे. वेळेवर न पोहोचलेला कागद आणि न कळलेला कागद, दोन्हींचा परिणाम एकच होतो. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी मोफत वकील मिळणं हे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच धरलं.

१९८६ सालचा सुक दास खटला मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अरुणाचलमधल्या त्या आरोपीने वकील मागितलाच नव्हता, म्हणून त्याला दिला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. आपल्याला असा हक्क आहे हेच ज्याला माहीत नाही तो वकील मागणार कसा, असा त्यामागचा विचार होता. हक्क आहे हे सांगण्याची जबाबदारी न्यायालयाने आणि शासनाने उचलायची आहे. त्यानंतर १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५पासून अमलात आला. त्यातून राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरची प्राधिकरणं आणि तालुका समित्या उभ्या राहिल्या. बिदरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या न्यायालयाला जोडून तालुका समिती असते.

आता हा हक्क कोणाला, हे जरा सावकाश पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. बहुतेकांना वाटतं की हे दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे. कायद्याचं बारावं कलम वाचलं तर चित्र वेगळं दिसतं. स्त्रीला उत्पन्नाची अटच नाही. बालकाला नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला नाही, अपंगाला नाही, कोठडीत असलेल्याला नाही. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांत सापडलेल्याला नाही. आणि औद्योगिक कामगारालाही नाही. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्य ठरवतं. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी ती ५ लाख आहे. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी तहसीलदाराच्या दाखल्यावाचून अडून बसायचं कारण नाही. शंका घ्यायला जागा नसेल तर अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, असं कायद्यातच म्हटलं आहे.

कोळारकडे या नजरेने पाहा. हे सोन्याच्या खाणींचं कोलार नव्हे, बिदर शहराजवळचं, जिथे औद्योगिक वसाहत आहे ते कोळार. तिथल्या कारखान्यांत कामाला येणारा मराठी, कन्नड, दखनी बोलणारा कामगार पगार बुडाला, हात मशीनमध्ये गेला, एका दिवसात कामावरून काढलं, तर उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय मोफत वकील मागू शकतो. त्याची बायको तर स्त्री म्हणूनच मागू शकते. हे वाक्य वसाहतीच्या फाटकावर कन्नड, मराठी आणि उर्दूत रंगवून लावावं अशी माझी फार इच्छा आहे.

फोनची व्यवस्था दोन वाटांनी चालते. १५१०० वर फोन केला तर तो विधी सेवा प्राधिकरणाच्या यंत्रणेत जातो. तिथे सल्ला मिळतो आणि पुढे न्यायालयात वकील हवा असेल तर अर्जाची दिशाही मिळते. टेली-लॉची सुरुवात एप्रिल २०१७मध्ये झाली. गावातल्या सामान्य सेवा केंद्रात, म्हणजे जिथे आपण आधार आणि पीकविम्याची कामं करतो तिथे, नाव नोंदवायचं. ठरलेल्या वेळी पॅनेलवरचा वकील फोनवर किंवा व्हिडिओवर बोलतो. २०२१मध्ये मोबाइल ॲप आलं. बाराव्या कलमात न बसणाऱ्यांना आधी ३० रुपये पडत. २०२२पासून सल्ला सगळ्यांना मोफत आहे. ऑगस्ट २०२३पर्यंत देशभरात ५० लाख सल्ले झाल्याचं सरकारने जाहीर केलं. आकडा मोठा आहे. पण त्यांतल्या किती जणांचं काम पुढे मार्गी लागलं हे या आकड्यावरून कळत नाही, आणि गरिबाला हवा असतो तो दुसराच आकडा.

तरीही सीमेवरच्या गावाला फोनवरचा एक नेमका सल्ला किती वाचवू शकतो, याची उदाहरणं कायद्यातच सापडतात. आपल्याकडे सोयरिका सीमा पाहून होत नाहीत. उदगीरची मुलगी भालकीत नांदते, बसवकल्याणची उमरग्यात. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं की ती माहेरी येते आणि माहेर दुसऱ्या राज्यात असतं. पोलीस ठाण्यात तिला सांगितलं जातं, ‘जिथे घडलं तिथे जा.’ हे उत्तर आता कायद्याला धरून नाही. रूपाली देवी विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ रोजी सांगितलं की छळामुळे घर सोडून ती जिथे आश्रयाला आली आहे तिथेही ती तक्रार करू शकते. घरगुती हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली ती तात्पुरती राहते तिथला दंडाधिकारीही तिचा अर्ज ऐकू शकतो. हिंदू विवाह कायद्यात २००३च्या दुरुस्तीने पत्नीला स्वतः राहते तिथे दावा लावता येतो. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची खबर नोंदवून घेण्याची तरतूद आहे. यातलं एक वाक्य जरी तिला फोनवर मराठीत कळलं, तरी तिचे भालकीचे चार हेलपाटे वाचतात. कधी कधी जीवही वाचतो.

उलट बाजूही आहे. बिदरच्या शेतकऱ्याने उदगीरच्या आडत्याला धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर २०१५च्या दुरुस्तीनंतर खटला आडत्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथे, म्हणजे बहुधा उदगीरला चालेल. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर खटला टळतो. हे १५ दिवस नोटीस कोणी वाचून दाखवावी म्हणून फिरण्यात गेले तर? जमिनीचा दावा मात्र जमीन जिथे आहे तिथेच चालतो. ग्राहकाची तक्रार ग्राहक राहतो तिथे करता येते, ही २०१९च्या कायद्यातली सोय. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यावर कैफियत ३० दिवसांत द्यायची, न्यायालयाने वाढवून दिली तर ९०पर्यंत. गेलो नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. कोणतं काम कुठल्या राज्यातल्या कोर्टात आणि किती दिवसांत, या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येतं. वकिलाच्या फीपेक्षा हे अज्ञानच सीमाभागातल्या माणसाला महाग पडतं.

आता भाषेकडे येतो, कारण माझ्या मते सगळा पेच इथे आहे. बिदर जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर गेले आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. घरं तीच राहिली, कार्यालयाची भाषा बदलली. परिणाम असा की एकाच शेताची कागदपत्रं आज तीन-तीन लिप्यांत सापडतात. आजोबांच्या काळचा कागद उर्दूत, कुठे मोडीत. आजची संगणकावरची पहाणी कन्नडात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर सगळं इंग्रजीत. आणि ज्याची जमीन आहे तो शेतकरी बोलतो मराठीत.

पण या चित्राकडे कान देऊन पाहिलं तर एक वेगळी गोष्ट लक्षात येते. कन्नड नोटीस कोणी मोठ्याने वाचली तर मराठी माणसाला त्यातले कितीतरी शब्द ओळखीचे लागतात. अर्जी, वकील, तारीख, जप्ती, जमीन, खाते, पहाणी, दावा. बहामनी आणि बरीदशाही काळापासून चालत आलेल्या फारसी दफ्तराची ही बहुतांशी शिल्लक आहे. ती कन्नडातही आहे, मराठीतही आणि दखनीतही. बिदरचा माणूस बाजारात कन्नड बोलतो, समजतो. त्याला परकी आहे ती लिपी. म्हणून इथे आवाजाने होणारी मदत, म्हणजे फोन, छापील पत्रकापेक्षा किंवा संकेतस्थळापेक्षा जास्त कामाची आहे.

अडचण एवढीच की फोनला कागद दिसत नाही. पलीकडे वकील विचारते, “अक्का, कागदावर तारीख कोणती आहे? कोणत्या कोर्टाचा शिक्का आहे?” अलीकडून उत्तर येतं, “काय की बाई, कन्नडात हाय सगळं.” इथे संवाद थांबतो. हा प्रसंग मी कल्पनेने लिहिला आहे, पण नोटीस वाचता न येणाऱ्या कोणाच्याही घरी तो असाच घडेल. म्हणून अलीकडच्या टोकाला कागद वाचून दाखवणारा किंवा त्याचा फोटो पाठवणारा माणूस हवा, आणि पलीकडच्या टोकाला मराठी ऐकून घेणारा वकील हवा.

अलीकडच्या टोकाचा माणूस कायद्याने आधीच नेमला आहे. त्याला विधी सेवेच्या भाषेत निमविधी स्वयंसेवक म्हणतात. गावातलाच, थोडं प्रशिक्षण घेतलेला, दिवसाच्या मानधनावर काम करणारा. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५च्या आवृत्तीनुसार २०१९ ते २०२४ या काळात देशातले असे स्वयंसेवक ३८ टक्क्यांनी घटले. विधी साहाय्यावरचा दरडोई खर्च वर्षाला सहा-सात रुपयांच्या घरात आहे. त्याच अहवालात मोठ्या राज्यांमध्ये कर्नाटक एकूण पहिल्या क्रमांकावर आहे, हेही नोंदवलं पाहिजे. म्हणजे राज्याची इच्छा किंवा कुवत नाही असं म्हणता येणार नाही. म्हणूनच सीमेवरच्या तालुक्यांत कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारे स्वयंसेवक मागणं हे अवास्तव नाही.

भाषेच्या बाबतीत घटनेचा आधारही आहे. ३५०वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडण्यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे किंवा प्राधिकरणाकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. न्यायालयातलं कामकाज त्यात येत नाही, पण विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा मदतीचा अर्ज याच भावनेने मराठीत स्वीकारला जायला हवा. अर्जदाराला लिहिता येत नसेल तर त्याचं म्हणणं ऐकून कार्यालयाने लिहून घ्यावं, अंगठा घ्यावा आणि सात दिवसांच्या आत निर्णय द्यावा, असं राष्ट्रीय प्राधिकरणाचे २०१०चे विनियम सांगतात. ही भाषावादातली मागणी नव्हे. सोलापूर, अक्कलकोट, जत इथल्या कन्नड बोलणाऱ्या गरिबासाठी महाराष्ट्रातही मी हेच मागेन, तितक्याच आग्रहाने.

फोनवर कायदेशीर मदत ही कल्पना जगाला नवी नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे १९८५ साली वृद्धांसाठी अशी पहिली सेवा सुरू झाली. तिथल्या अशा सेवांचा मोठा अभ्यास २००२मध्ये झाला. नुसता तोंडी सल्ला मिळालेल्यांपेक्षा ज्यांना लेखी काही हातात मिळालं, ज्यांना सेवेने पुन्हा फोन केला, किंवा ज्यांच्यासाठी एखादं पत्र लिहिलं गेलं, त्यांचं काम जास्त वेळा झालं. आणि ज्यांची भाषा वेगळी, शिक्षण कमी, जायला-यायला वाहन नाही, घरी मारझोड करणारा जोडीदार आहे, ते मागे पडले. हे वाचताना मला तांड्यावरची बाई डोळ्यांपुढे येते. इंग्लंडने तर २०१३मध्ये कर्ज, भेदभाव आणि विशेष शिक्षणाच्या प्रकरणांत आधी फोनच करायची सक्ती केली होती. ती त्यांना २०२०मध्ये उठवावी लागली. फोन हा दरवाजा असावा, पण एकमेव दरवाजा केला की ज्यांना फोनवर बोलणं जमत नाही ते बाहेर राहतात.

आपल्याकडे तर फोनच कोणाचा हा प्रश्न आहे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. नवऱ्याच्या फोनवरून नवऱ्याविरुद्ध सल्ला कसा विचारायचा? सेवा केंद्रात जावं तर तिथे रांग असते, केंद्रचालक गावचाच, कदाचित भावकीतलाच असतो. टेली-लॉच्या आखणीतला हा सगळ्यात कच्चा दुवा आहे असं मी मानतो. अशा बोलण्यासाठी केंद्रात दार लावता येईल अशी एक खोली लागते. ती नसेल तर आशा कार्यकर्तीच्या किंवा अंगणवाडीच्या फोनवरून बोलणं बरं. महिलांसाठी १८१ हा वेगळा क्रमांकही आहे.

काही प्रश्न फोनने सुटत नाहीत आणि तसं भासवूही नये. कारंजा धरणात जमिनी गेलेल्या बिदर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा योग्य मोबदल्याचा लढा वर्षानुवर्षं चालला आहे. त्याला भूसंपादन जाणणारा वकील लागतो, फायली लागतात, संघटना लागते. मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा जाच मात्र फोनवरच्या सल्ल्याने कमी होऊ शकतो. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५मध्ये वटहुकूम काढून जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड ठेवला. दारात उभ्या राहिलेल्या वसुलीवाल्याला हे सांगण्याचं बळ बचत गटातल्या बाईला आजच मिळायला हवं.

फोननंतर कोर्टात उभा राहणारा वकील कसा, यावर शेवटी सगळं ठरतं. पॅनेलवरच्या वकिलांना फी तुटपुंजी मिळते आणि मोफत वकील म्हणजे कामचुकार, ही समजूत गावोगाव पक्की आहे. फौजदारी प्रकरणांसाठी २०२२पासून पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची पद्धत आली. ती योग्य वाटेवरची आहे. दिवाणी आणि कौटुंबिक कामांत अजून तसं नाही. उच्च न्यायालयाच्या बाबतीत मात्र बिदरची स्थिती सुधारली आहे. २००८पर्यंत सातशे किलोमीटरवरचं बेंगळुरू गाठावं लागे. त्या वर्षी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, फिरतं पीठ आलं, २०१३ला ते कायम झालं आणि २०१७पासून बिदरहून तिकडे थेट रेल्वे जाते.

मला जिल्हा प्राधिकरणांकडे तीन गोष्टी मागायच्या आहेत. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद इथल्या पॅनेलवर मराठी बोलणाऱ्या वकिलांची नावं वेगळी नोंदवा आणि मराठी फोन त्यांच्याकडे वळवा. समन्स आणि नोटिशीच्या पाठीवर १५१०० हा क्रमांक आणि ‘मोफत वकील मिळेल’ हे शब्द कन्नड, मराठी, उर्दूत छापा. सल्ला दिल्यावर पंधरा दिवसांनी एकदा उलट फोन करा.

आणि वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात कन्नड कागद आला तर त्याच दिवशी त्याचा फोटो काढा. कागद कधी हातात पडला ती तारीख त्याच्यावर लिहा. १५१०० किंवा १४४५४ लावा, आधी आपला जिल्हा सांगा, मग ‘मला मराठीत बोलायचं आहे’ असं सांगा. बाई असाल, कामगार असाल तर तेही लगेच सांगा. फोन ठेवण्याआधी सल्ला देणाऱ्याचं नाव विचारा आणि ते नोटिशीच्या मागे लिहून ठेवा.